फिल्मवाले तडवळकर

तडवळकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भाजी मंडईत एका लाल भोपळ्यासमोर उकिडवे बसले होते. चुरगळलेला पांढरा शर्ट, खांद्याला खादीची पिशवी, मान एका बाजूला कललेली. भोपळा अर्धा कापलेला होता आणि वरच्या पत्र्याच्या भोकातून त्याच्यावर उन्हाची एक गोल टिकली पडली होती. माळवं विकणारी बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "घेनार हाय का भोपळा?"

"नाही. बघतोय."

"बघा की. पर जरा सरकून बघा. गिऱ्हाइकाला वाटंल, भोपळ्यातच कायतरी खोट हाय."

ते निमूटपणे सरकले. थोड्या वेळाने उन्हाची टिकलीही सरकली, तसे उठले, गुडघे झटकले आणि काहीही न घेता निघून गेले. मी शेजारी मेथीची जुडी निवडत होते. म्हटलं, "कोण हो हे?"

"कुणास ठावं. रोज येतंय. काल वांग्याफुडं बसलं हुतं."

हा माणूस सिनेमा काढतो हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर थोडी निराशाच झाली. सिनेमा म्हटलं की गाणी आली, नटी आली. तडवळकरांच्या सिनेमात विहिरी असत, ज्वारीवरची कीड असे, गुरांची लस असे. पंधरा-वीस मिनिटांचे हे माहितीपट सरकारी खात्यांसाठी काढलेले. नायिका बहुधा म्हैस.

ते नुकतेच शुक्रवार पेठेत, आमच्याच बोळात राहायला आले होते. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. एका सकाळी मी दारात उभी राहून दूधवाल्याला दुधातल्या पाण्याबद्दल चार शब्द सुनावले आणि वळते तो समोर तडवळकर. हातात कागद.

"बाई, आत्ता जे बोललात ना, त्याच आवाजात हे वाचून दाखवाल?"

कागदावर लिहिलं होतं, 'विहिरीत कपडे धुऊ नयेत. गुरे विहिरीपासून दूर बांधावीत.' मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. मी म्हटलं, "अहो, ही काय वेळ आहे? मला शाळेत जायचंय!"

"हां! हाच आवाज," ते आनंदाने म्हणाले. "पुण्याहून एक निवेदक आणले होते. ते असं वाचतात, की विहीर वारलीय आणि ते तिच्या शोकसभेत बोलतायत."

अशी मी त्यांच्या माहितीपटांची निवेदिका झाले आणि पुढे सात-आठ वर्षं राहिले. निवेदन लिहायचंही काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी लिहायचं आणि त्यांनी खोडायचं. भीमेवरच्या एका चित्रीकरणासाठी मी लिहिलं होतं, 'ग्रीष्माच्या दाहाने कृश झालेली, श्रांत पावलांनी वाळूतून वाट काढणारी ही भीमामाई.' ते त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर मोठ्याने वाचलं. मग पेन्सिल काढली.

"फार सुंदर आहे, बाई."

"मग खोडताय का?"

"सुंदर आहे म्हणूनच. लोक तुमचं ऐकत बसतील. मग नदी कोण बघणार?"

शेवटी उरलं ते एवढंच: 'ही भीमा. मे महिना.' मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण कबूल करायला हवं, की त्यानंतर मुलींचे निबंध तपासताना माझाही हात सैल सुटला. त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, की सातवीच्या मुलींचे निबंध असे तारा केल्यासारखे का झालेत.

तडवळकर मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. घरात कानडी बोलायचे. शूटिंगच्या वेळी लोक 'कट' म्हणतात असं मी ऐकून होते; हे 'साकु' म्हणायचे. साकु म्हणजे पुरे. लहानपणी आई ताटात भाकरी वाढत असताना म्हणायचे, तसंच, त्याच सुरात. "साकु, साकु." त्यांच्याकडे चावीचा कॅमेरा होता. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालायचा, मग घरघरत थांबायचा. त्याची सवय त्यांच्या बोलण्यालाही लागली होती. पाहुणे आले की अर्धा मिनिट मनापासून बोलायचे आणि मग एकदम गप्प. त्यांची बायको, गिरिजावहिनी, दवाखान्यात नर्स होत्या. त्या सांगायच्या, "आमच्याकडे मला बघायला आले तेव्हाही असंच. 'तुम्हाला काय आवडतं' एवढं विचारलं आणि चावी संपली. बाकीचं लग्न मीच ठरवलं."

घरात मधल्या खोलीत दोरीवर फिल्मच्या फिती चिमट्यांनी लटकवलेल्या असत. त्यांच्याच शेजारी वहिनींचा पांढरा गणवेश वाळत असायचा. चिमटे नेहमी कमी पडायचे. एकदा वहिनींनी एका गाजलेल्या पुराचा पहिला भाग काढून ठेवला आणि त्या चिमट्याने आपला ब्लाऊज लावला. पूर आठवडाभर सापडला नाही.

भवानी पेठेतल्या नरसय्यांची गोष्ट मात्र अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, निदान सुरुवातीला.

नरसय्यांचे चार माग होते, चादरींचे. खात्याला विणकामावर माहितीपट हवा होता आणि तडवळकरांनी नरसय्यांना निवडलं. त्या काळी तडवळकरांची एक युक्ती होती. नव्या ठिकाणी पहिले दोन दिवस ते रिकामा कॅमेरा चालवायचे. आत फिल्मच नाही. माणसं कॅमेरा बघून ताठ होतात, केस बसवतात, हसतात. दोन दिवसांत त्यांना कंटाळा येतो आणि ती आपल्या कामाला लागतात. मग फिल्म भरायची.

नरसय्या पहिल्या दिवशी लग्नातला काळा कोट घालून मागापाशी उभे राहिले. चैत्राचं ऊन, वर पत्रा. दुसऱ्या दिवशीही कोट. तडवळकर इकडून तिकडून कॅमेरा फिरवत होते, चावी देत होते, साकु म्हणत होते. तिसऱ्या दिवशी नरसय्या बनियनवर आले. केसांत कापसाची म्हातारी, मागात अडकलेल्या धोट्याला तेलुगूत शिव्या. तडवळकरांनी फिल्म भरली.

माहितीपट तयार झाल्यावर नरसय्यांच्या घरीच दाखवायचं ठरलं. त्यांनी जावई, व्याही, सगळे बोलावले. भिंतीवर नरसय्या बनियनमध्ये उमटले आणि मागाला शिव्या देऊ लागले. व्याही मोठ्याने हसले. संपल्यावर नरसय्या उठले.

"माझा कोट कुठं हाय वो?"

तडवळकरांना खोटं बोलायला जमायचं नाही. तेवढी त्यांची तयारीच नव्हती. म्हणाले, "त्या दोन दिवशी कॅमेऱ्यात फिल्म नव्हती."

नरसय्या शांतपणे म्हणाले, "म्हणजे दोन दिवस मी कोट घालून घामानं भिजलो, आणि तुम्हाला ठाऊक होतं. सिनेमा काढा की. मला शिव्या देताना दाखवला, त्याचंबी काय न्हाय, देतोच मी. पण मला येडं करून काढला."

मला वाटलं होतं, तडवळकर घरी येऊन कलेबद्दल काहीतरी सांगतील. खरेपणा, सहजता वगैरे. वहिनी म्हणाल्या, दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "बाई, फिल्म वाचवली मी. आणि माणूस खर्चला."

आठवड्याने ते पुन्हा भवानी पेठेत गेले. मी टेपरेकॉर्डर घेऊन बरोबर होते.

"कोट घाला," तडवळकर म्हणाले.

नरसय्या मागावरून हलले नाहीत. "आज हाय का फिल्म आत?"

"आहे."

"दाखवा."

कॅमेऱ्याचं झाकण उजेडात उघडलं की आतली फिल्म वाया जाते, एवढं तोपर्यंत मलाही कळत होतं. तडवळकरांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. भर उजेडात झाकण उघडून आतलं रीळ दाखवलं. नरसय्यांनी वाकून बघितलं. मग तडवळकरांनी ते रीळ काढून खिशात घातलं.

"ते का काढलं?"

"हे गेलं आता. ऊन लागलं. दुसरं घालतो. ते मात्र उघडून दाखवता येणार नाही, विश्वास ठेवावा लागेल."

नरसय्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिशाकडे, आणि मग खो खो हसायला लागले. आत ओरडून बायकोला म्हणाले, "लक्ष्मम्मा, ये गं भाईर! ह्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त येड लागलंय!"

त्या दोघांना मागापुढे उभं करून तडवळकरांनी अर्धा मिनिट चित्रण केलं. नरसय्या कोटात, लक्ष्मम्मा हिरव्या इरकल लुगड्यात, दोघंही पुतळ्यासारखे. पापणी लवत नव्हती. तोच त्या माहितीपटाचा शेवट झाला. पुढे थिएटरात मुख्य खेळाआधी तो लागायचा. अशा वेळी लोक उठून विडी ओढायला बाहेर जात, तडवळकर मागच्या बाकावर बसून किती उठले ते मोजायचे आणि "आज फक्त नऊ!" म्हणून खुशीत घरी यायचे. पण नरसय्या-लक्ष्मम्माच्या त्या अर्ध्या मिनिटाला लोक टाळ्या वाजवायचे.

रिकामा कॅमेरा त्यांनी पुन्हा कधी चालवला नाही. नव्या गावात पहिल्या दिवशी कॅमेरा नेणंच बंद केलं. पिशवी घेऊन जायचे, पारावर बसायचे, कुणी विचारलं तर म्हणायचे, "उद्या कॅमेरा आणणार आहे. आज तुम्ही मला बघून घ्या."

आणि लक्ष्मम्मा त्यांची परीक्षक झाली. ती आणि शेजारच्या चार-पाच बायका दुपारी तिच्या खोलीत विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. तडवळकर नवीन कापून जोडलेला माहितीपट घेऊन तिथे जायचे. खिडक्यांना नरसय्यांच्या चादरी लावायच्या, की भर दुपारी अंधार. खोलीची भट्टी व्हायची. बायकांचे हात अंधारातही चालूच. त्यांना बघायची गरज नसे. गंमत म्हणजे तडवळकर चित्राकडे पाठ करून बसायचे. भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात ते फक्त बायकांचे हात बघायचे. हात थांबले की कागदावर फुली.

"हात थांबले म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे बघतायत."

"आणि भराभर चालायला लागले तर?"

ते जरा घुटमळले. "बाई, राग मानू नका. तुमचा आवाज सुरू झाला की दोन विड्या जास्त होतात."

एकदा त्यांच्या एका माहितीपटाला दिल्लीहून प्रशस्तिपत्र आलं. गावातल्या मंडळींनी सत्कार ठरवला, सकाळी नऊची वेळ. नऊ वाजता तडवळकर सभागृहात नाहीत. कार्यकर्ते शोधत आमच्या बोळात आले, तर हे नळावरच्या रांगेत, दोन घागरी घेऊन. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असायची आणि वहिनींची सकाळची ड्यूटी, त्यामुळे पाणी भरणं त्यांच्याकडे.

"साहेब, अध्यक्ष खोळंबलेत!"

"पुढे चारच आहेत. झालंच."

मागची बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हार हितंच घाला की वो. त्यांनी नंबर सोडला तर आमी परत घेनार न्हाय." शेवटी अध्यक्षच आले. घागर भरत असताना गळ्यात हार पडला आणि त्यातला निम्मा झेंडू घागरीत गेला. मी तडवळकरांना विचारलं, की रांगेत उभं राहायचा कंटाळा येत नाही का. म्हणाले, "अहो, दिल्लीच्या कागदावर मी 'श्री. तडवळकर' आहे. इथे 'पाचवा' आहे. दोन्ही माहीत असलेलं बरं."

हे सगळं थट्टेचं झालं. पण त्यांचं एक काम मी जवळून पाहिलं आणि त्याची थट्टा मला अजून जमत नाही.

उजनीला धरणाचं काम चालू होतं. खात्याला धरणावर माहितीपट हवा होता: भिंत, यंत्रं, कालवे, हिरवी शेतं. तडवळकरांनी ते सगळं केलं. शिवाय पाण्याखाली जाणाऱ्या एका गावात जाऊन राहिले. उन्हाळ्याची सुट्टी होती, आवाज टिपायला मीही गेले. चार दिवस ते घर न् घर टिपत होते. प्रत्येक दार, प्रत्येक अंगण, अर्धा अर्धा मिनिट. मी म्हटलं, "अहो, साहेबांना यातलं एक मिनिटसुद्धा नको असणार." म्हणाले, "साहेबांसाठी नाही काढत."

पाचव्या दिवशी रंगनाथ नावाचा शेतकरी आपलं घर उतरवत होता. नव्या जागेवर तीच लाकडं लावायची होती. तडवळकर कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. रंगनाथ आणि त्याचा भाऊ तुळई उतरवत होते आणि भावाचा हात सटकला. रंगनाथ ओरडला, "अवो फिल्मवाले! ते डबडं ठिवा खाली आन् ह्ये टोक धरा!"

तडवळकरांनी कॅमेरा बाजेवर ठेवला आणि टोक धरलं. मग दुसरी तुळई, मग कड्या, मग दाराची चौकट. दुपार झाली, उन्हं कलली. शर्ट फाटला, हाताला फोड आले. रंगनाथच्या बायकोने, काशीबाईने, मलाही एक डबा धरायला दिला होता. शेवटी गाडी भरली. घराच्या जागी नुसती चौकोनी जमीन उरली. बैल जुंपले, रंगनाथने हाक मारली, आणि काशीबाई गाडीत चढता चढता खाली उतरली. तिने केरसुणी घेतली आणि ती जमीन झाडायला लागली. चूल होती तिथून सुरुवात केली, उंबरा होता तिथे कचरा गोळा केला, सुपलीत भरला आणि बाहेर नेऊन टाकला. भिंती नसताना ती बरोबर दार होतं तिथूनच बाहेर पडली.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "तडवळकर, कॅमेरा!"

ते गाडीच्या मागे चौकट पेलून उभे होते. तिला अजून दोर बांधायचा होता आणि रंगनाथ खाली बसून दोराची गाठ सोडवत होता. त्यांनी काशीबाईकडे पाहिलं, बाजेवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"सोडली तर रंगनाथच्या पायावर पडेल," ते म्हणाले, आणि चौकट धरून राहिले.

काशीबाईचं झाडून झालं. ती गाडीत बसली. तेव्हा कुठे दोर बांधला गेला.

पुढे कार्यालयातून पत्र आलं, की स्थलांतराचे एकही दृश्य का नाही, याचा खुलासा करावा. मी तीन परिच्छेदांचा सविनय खुलासा लिहून दिला. त्यांनी पेन्सिल काढली. गेला तो खुलासा एका ओळीचा: 'त्या वेळी हात रिकामे नव्हते.' चार दिवसांत टिपलेल्या घरांपैकी दोन दारं आणि एक अंगण माहितीपटात राहिलं. बाकीचं डब्यात पडून राहिलं.

दोन-तीन वर्षांनी पाणी चढलं. गाव बुडालं, वरच्या माळावर नवी वसाहत झाली. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. एका शनिवारी तडवळकर दारात आले. "बाई, येता का? त्या लोकांना त्यांची घरं दाखवायचीयत." त्यांना थोडा दम लागत होता. मी विचारलं, तर जिन्याला दोष दिला. त्या शनिवारनंतर पंधरा दिवसांत ते गेले. मी तेव्हा बार्शीला बहिणीकडे होते, मला दोन दिवसांनी कळलं. त्यामुळे माझ्यापुरते तडवळकर त्या वसाहतीतच राहिले.

नव्या शाळेच्या खोलीत गोणपाटं लावून अंधार केला होता. समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर यंत्राचा उजेड पडला. ना माझं निवेदन, ना संगीत. नुसती घरं. मग एका म्हाताऱ्याने हळूच म्हटलं, "ह्यो शिरपाचा गुरांचा वाडगा." आणि बांध फुटल्यासारखी सगळी खोली बोलायला लागली. "आरं, ती आमची शेळी!" "मारुतीचा पार बघ, पार!" "त्या दारात कोन उभं हाय? माजी आय हाय ती. थांबवा, थांबवा!"

"थांबवता येत नाही," तडवळकर म्हणाले. "फिल्म जळेल. परत दाखवतो."

त्यांनी परत दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवताना काशीबाईचं अंगण आलं आणि मागच्या रांगेतून दगडू नावाचा शेजारी उठला.

"बगा! बगा! मी काय म्हनत हुतो? रंगाच्या कुंपणानं माजी हातभर जागा खाल्लीया!"

"कुटं खाल्लीया? डोळं फुटलं का तुजं?" रंगनाथ उठला. "बांध बाभळीच्या हिकडनं जात हुता!"

"तिकडनं!"

ती जागा, ती बाभूळ, तो बांध, सगळ्यावर आता भीमेचं पाणी होतं. मी तडवळकरांकडे पाहिलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते इतके खुशीत होते की माझा विश्वास बसेना.

"साहेब, तुमी सांगा," दगडू म्हणाला. "तुमी समदं टिपलंय. बांध कुणीकडनं?"

"मी कशाला? आपण बघू की." तडवळकरांनी कोळसा मागवला. रीळ पुन्हा लावलं, गावातल्या एकाला यंत्रापाशी बसवलं आणि स्वतः भिंतीपाशी गेले. अंगण आलं. काशीबाईचं कुंपण त्यांच्या पाठीवर, बाभूळ खांद्यावर. त्यांनी भराभर बांधावरून कोळसा ओढला.

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. माझी शेवटची गाडी. ते येणार नव्हते. गावाने त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं होतं. मी खुणेनेच निरोप घेतला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी दारापर्यंत गेले आणि मागे पाहिलं. यंत्र थांबलं होतं, कुणीतरी गोणपाट बाजूला केलं होतं. भिंतीवरचं गाव गेलं होतं. उरली होती पांढऱ्या चुन्यावर कोळशाची एक वाकडी रेघ. रंगनाथ तिच्या एका बाजूला उभा होता, दगडू दुसऱ्या, आणि मध्ये तडवळकर, काळ्या झालेल्या हातांनी, घामाने डबडबलेले.

काशीबाई पुढे झाली. रेघेकडे नीट बघितलं.

"हातभर सरकलीया," ती म्हणाली. "परत लावा."

आणि तडवळकर रीळ उलटं गुंडाळायला लागले.